फाटकावरच्या माणसाची बाजू

एकतीस वर्षं एका गोदामाच्या फाटकावर पहारा केल्यानंतर, निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी आबा हेर झाले. पडद्यावरचे हेर, दुसरे कुठले? चिरंजीवांनी हौसेने टीव्हीला जोडायचा गेम आणला होता आणि स्वतः दिवसभर कामावर असायचे. सूनबाई आतल्या खोलीत हेडफोन लावून ऑफिसचं काम करायची. बाहेरच्या खोलीत उरले आबा आणि टीव्ही, आणि माणसाने बातम्या तरी किती बघाव्यात?

गेमचं नाव 'पलीकडची छावणी'. युद्ध पेटलेलं, आपण हेर. दबक्या पावलांनी शत्रूच्या छावणीत शिरायचं, नकाशे लांबवायचे आणि पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटायचं. गंमत अशी, की ज्या कंपनीचा हा गेम, तिथेच सूनबाई नोकरीला होती. खेळणाऱ्यांनी लिहिलेली मतं वाचायची, चाळायची आणि कामाची तेवढी गेम बनवणाऱ्यांपुढे ठेवायची, हे तिचं काम. लोकांची कुरकुर ऐकून घ्यायचा पगार मिळतो, हे आबांना तिच्यामुळेच कळलं होतं.

पहिल्याच दिवशी आबांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हेर म्हणून सात वेळा मेले, त्याचं त्यांना काही नव्हतं. राग आला तो पहारेकऱ्याचा. नकाशांची खोली पूर्वेच्या फाटकाआड, आणि फाटकावरचा गडी भिंतीकडे तोंड करून उभा! हेराने कोपऱ्यात रिकामी बाटली भिरकावली, की हे महाशय "कसला आवाज?" असं पुटपुटत, फाटक सताड उघडं टाकून, रमतगमत बाटली बघायला निघाले.

"अरे ए, जागा सोडतोस?" आबा ओरडले.

"आबा, काही हवंय का?" आतून सूनबाईने विचारलं.

"काही नाही गं, बातम्या बघतोय."

हेराला खोटं बोलता आलंच पाहिजे.

गेमच्या पानावर मत लिहायची सोय होती. टोपणनाव विचारलं तेव्हा आबांनी 'भिंतीला पाठ' असं टाकलं, कारण पहाऱ्याचा पहिला धडा तोच. पुढचं त्यांनी आयुष्यभर जसं लिहिलं तसंच लिहिलं, म्हणजे पहाऱ्याच्या नोंदवहीत लिहितात तसं.

"दुपारी २ वा. १० मि. पूर्वेचे फाटक. पहारेकरी एक, तोंड भिंतीकडे. भिंतीत बघण्यासारखे काही नाही. २ वा. १२ मि. बाटलीचा आवाज. पहारेकऱ्याने जागा सोडली. शिटी वाजवली नाही. फाटकाला कडी घातली नाही. असा माणूस कामावर एक दिवस टिकणार नाही. कळावे."

सूनबाईला जेवताना दिवसभरातली मतं वाचून दाखवायची सवय होती. "ऐका. 'पहिल्या टप्प्यात अठरा वेळा मेलो, मजा आली.' 'हेराच्या बुटांचा आवाज माझ्या सासूबाईंच्या चपलांसारखा येतो, दचकायला होतं.' 'छावणीतला कुत्रा छान आहे, त्याला पाणी कोण देतं?' आणि हे बघा, कुणीतरी 'भिंतीला पाठ' म्हणून आहे." तिने नोंद वाचली. चिरंजीवांना हसून हसून ठसका लागला. आबा मान खाली घालून भाताचे घास मोजत होते.

त्यानंतर आबांना चेवच चढला. तीन आठवड्यांत तेवीस मतं झाली. मनोऱ्यावरचा पहारेकरी दिवा स्वतःच्याच डोळ्यांवर धरतो. स्वयंपाकघराबाहेरचे दोघे एकाच वेळी जांभई देतात, ती आळीपाळीने द्यावी. लोक त्यांच्या नोंदींची वाट बघू लागले. "पाठसाहेबांचं ऐका, पहारेकरी सुधारा," अशी शेकडो मतं आली.

"खरे पहारेकरी असतात का हो असे?" एके दिवशी सूनबाईने विचारलं.

"छे! खरा पहारेकरी जागा सोडत नाही. एकतीस वर्षांत मी एकदाही सोडली नाही," आबा म्हणाले, आणि जरा जास्तच जोरात म्हणाले.

हे खोटं होतं. एकदा सोडली होती, आणि त्या एकदामुळेच नोकरी मुदतीआधी संपली होती. घरी सांगितलं होतं, की गुडघे कुरकुरतात. गुडघे बिचारे ठणठणीत होते, पण तेव्हापासून चिरंजीव दर महिन्याला मलम आणायचे आणि आबा ते निमूट चोळायचे. पोराला कळलं तर त्याच्या नजरेतून आपण उतरू, ही धास्ती त्यांनी मलमाबरोबर रोज अंगात जिरवली होती.

शेवटी कंपनीने ऐकलं. गेमची नवी आवृत्ती आली आणि पूर्वेच्या फाटकावरचा गडी भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बाटली फेका, दगड फेका, ढिम्म हलेना. आबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. दोन दिवसांत मात्र लोक खवळले. "दोनशे बाटल्या फेकल्या, छावणीत काचांचा खच पडला, हा पहारेकरी आहे की खांब?" "पाठसाहेब, तुम्हीच या आता नकाशे काढायला!" सूनबाईला वरिष्ठांकडून बोलणी बसली. नोंदी तिनेच उचलून धरल्या होत्या ना!

तिसऱ्या दिवशी दुपारी आबा फाटकाजवळच्या झुडपात दबा धरून बसले होते. तेवढ्यात छावणीचा आचारी पातेलं घेऊन पायऱ्या उतरताना घसरला. पातेलं गडगडत गेलं, आचारी कण्हत पडला. पहारेकरी चार पावलांवर होता. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. आबांनीच शिकवलं होतं तसा ताठ, भिंतीला पाठ लावून उभा.

आबांच्या हातातला कंट्रोलर तसाच राहिला. त्यांना लाज वाटली, आणि त्या पहारेकऱ्याचा आला नव्हता इतका राग स्वतःचा आला. मग त्यांनी चष्मा पुसला आणि चोविसावी नोंद लिहायला घेतली.

"दुपारी ३ वा. ५ मि. पूर्वेचे फाटक. आचारी पडला. पहारेकरी हलला नाही. माझी आधीची मते मागे घेतो. एक जुनी नोंद वहीत लिहायची राहिली होती, ती लिहितो. सुट्टीचा दिवस, दुपारी ४ वा. गोदामामागे पिंप कोसळल्याचा व माणूस ओरडल्याचा आवाज. पहारेकरी धावत गेला. तिथे कोणी नव्हते. पिंप मुद्दाम लोटले होते. परत येईपर्यंत गोदामातल्या मालापैकी छताचे चौदा पंखे चोरीस गेले. साहेब म्हणाले, आवाजामागे धावायला तुम्ही मांजर आहात का? पहारेकऱ्याने उत्तर दिले नाही. आज देतो. पहारेकरी मूर्ख असतो म्हणून जात नाही. आवाज खरा असला तर काय, म्हणून जातो. त्याला जाऊ द्या. कळावे."

त्या दिवशी जेवताना सूनबाईने एकही मत वाचलं नाही.

"काय गं, आज भिंतीला पाठ गप्प?" चिरंजीवांनी विचारलं.

"नाही, लिहिलंय. पण ते हसण्यासारखं नाही." तिने आबांच्या ताटात भाजी वाढली आणि हळूच म्हणाली, "फ्रिजवर 'दूध संपले, कळावे' अशी चिठ्ठी या घरात कोण लावतं, ते मला माहीत आहे, आबा. दुसऱ्याच नोंदीला ओळखलं होतं मी."

आबांचा घास हातातच राहिला. चोर पकडला गेला की काय करतो, ते त्यांनी एकतीस वर्षांत पुष्कळदा पाहिलं होतं. शहाणा असेल तर कबूल करतो.

"गुडघ्यांना काही झालेलं नाही," ते चिरंजीवांना म्हणाले. "मला काढलं होतं. जागा सोडली म्हणून." आणि त्यांनी सगळं सांगितलं. पिंप, ओरडणं, चौदा पंखे, मांजर. काही लपवलं नाही. सांगताना नजर ताटावरून उचलवत नव्हती.

चिरंजीवांनी विचारलं, "पण कुणाला लागलं का?"

आबांनी मान वर केली. दोन वर्षांत साहेबांनी, पोलिसांनी, गोदामातल्या हमालांनी त्यांना पन्नास प्रश्न विचारले होते. हा कुणी विचारला नव्हता.

"नाही रे," आबा म्हणाले. "कुणालाच लागलं नव्हतं."

"मग झालं तर. पंखे काय, परत आणता येतात. आणि ते मलम किती घाण वास मारायचं हो, कशाला सोसलंत इतके दिवस?"

सूनबाई जेवण अर्धवट टाकून उष्ट्या हाताने आत पळाली. "वाक्य मिळालं!" ती आतून ओरडली.

पुढची आवृत्ती आली तेव्हा बाटली पडताच पूर्वेच्या फाटकावरचा पहारेकरी मान वळवू लागला. एकदा शिटी वाजवायचा, आणि "कुणाला लागलं का?" असं विचारत धावत जायचा. लोकांनी लगेच लिहिलं, "आता या माणसाच्या डोक्यात काठी घालवत नाही, कंपनीचा जाहीर निषेध," आणि त्याखाली हजारभर जणांनी होकार दिला.

रविवारी सकाळी तिघं टीव्हीसमोर बसले. आबांनी बाटली फेकली. पहारेकरी "कुणाला लागलं का?" म्हणत आवाजाच्या दिशेने धावला. फाटक उघडं, नकाशांची खोली समोर. आबांचा हेर झुडपातून निघाला, फाटकाशी आला आणि तिथेच थांबला. भिंतीला पाठ लावून.

"आबा, जा ना आत! तो येईल परत!" चिरंजीव ओरडले.

"येऊ दे की," आबा म्हणाले. "तोवर फाटकाशी कुणीतरी नको का?"