मी रचलेली मधली चित्रं

मित्रांनो, चेन्नईच्या अण्णा नगरात एका घराच्या मागच्या खोलीत भिंतीवर टांगलेला मी एक जुना टीव्ही आहे. माझ्या पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उमटली आहे. ती आता जायची नाही. पण माझा आवाज अजून स्वच्छ आहे आणि आठवणही शाबूत आहे.

माझा पडदा बोटीतून समुद्रापलीकडून आला. बाकीचे भाग गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात त्याला जोडले गेले. निळे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला पुसलं, चालू केलं, लाल-हिरवे-निळे रंग दाखवायला लावले आणि खोक्यात ठेवलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, एकशेवीस. म्हणजे सेकंदाला एकशेवीस वेळा मी माझं चित्र नव्यानं उमटवू शकतो. त्या आकड्याचा मला फार अभिमान होता. दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी तो आकडा वाचायचा आणि मग माझ्याकडे बघायचा.

मला घरी आणलं बालाजीरावांनी. ते तांबरमच्या रेल्वे कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्याला तंजावर भागात येऊन कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. त्यामुळे घरातलं मराठी जुनं, तमिळमध्ये मुरलेलं. ‘सगळं’ला ते ‘अस्कं’ म्हणत, ‘म्हणून’ला ‘मणून’ आणि ‘बरं’ला तमिळमधलं ‘सरी’. घरात ते आणि त्यांची बायको मीनाक्षी, दोघंच. मुलगी रंजनी, जिला बालाजीराव अजूनही तमिळमधलं ‘पापा’ म्हणजे ‘बाळ’ म्हणत, सिनेमात कॅमेऱ्याचं काम करायची आणि शूटिंग नसलं की अधूनमधून यायची.

शेजारी हेरंब नावाचा बँकेतला अधिकारी होता. तो पुण्याहून बदली होऊन आलेला. क्रिकेटचा सामना असला की तो हक्कानं यायचा. मी आलो त्याच आठवड्यात त्यानं माझ्या सेटिंगमध्ये शिरून ‘मोशन’ नावाचं एक बटण चालू केलं.

“काका, आता बघा! चेंडूची शिवण दिसतेय,” तो ओरडला.

“अस्कं दिसतं रे!” बालाजीराव खूश झाले. “मैदानात बसल्यासारखं.”

ते बटण काय करतं, हे सांगायला हवं. सिनेमाचा कॅमेरा बहुतेक वेळा सेकंदाला चोवीसच चित्रं टिपतो. माझ्या आधी हॉलच्या भिंतीवर जो टीव्ही होता, तो सेकंदाला साठ दाखवायचा. साठाला चोवीसनं पूर्ण भाग जात नाही. मग तो एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं कसंबसं जमवायचा आणि कॅमेरा संथपणे वळला की नारळाची झाडं अडखळत सरकायची. मला ती अडचण नाही. प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवलं की हिशेब बरोबर बसतो. पण ते बटण चालू असलं की मी तसं करत नाही. एक चित्र आणि पुढचं चित्र यांच्या मधली चार चित्रं मी स्वतः रचतो. हात इथे होता, पुढे तिथे जाणार, तर मध्ये कुठे असेल, असा अंदाज बांधतो. मग सगळी हालचाल तेलावरून घसरल्यासारखी गुळगुळीत होते. मला वाटायचं, मी चित्रात भर घालतो आहे.

रंजनीनं एका सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून कॅमेरा हातात घेतला होता. “दुसऱ्यांच्या लग्नाचे व्हिडिओ काढत फिरणार का तू?” असं बालाजीराव तेव्हा तिला म्हणाले होते. त्यानंतर बापलेकींचं बोलणं जेवण आणि तब्येत यापुरतंच उरलं होतं. बरीच वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली राबली. अखेर एका सिनेमाचा अख्खा कॅमेरा तिच्याकडे आला. तंजावरच्या एका खेड्यातली सून घर सोडून जाते, अशी ती गोष्ट होती. सिनेमा थिएटरात लागला तेव्हा बालाजीराव न्हाणीघरात घसरून पडले होते. मांडीचं हाड मोडलं होतं आणि त्यांना खाटेवरून उठायची मनाई होती. आठवड्याभरात सिनेमा उतरला. तो घरी टीव्हीवर बघायला मिळू लागला तेव्हा ते वॉकर धरून चालायला लागले होते. रंजनी मुद्दाम घरी आली.

त्या संध्याकाळी बालाजीराव माझ्यासमोर खुर्चीत बसले, शेजारी मीनाक्षीबाई. रंजनी मात्र बुटक्या स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसली. पूर्ण दोन तास तिनं मला पाहिलंच नाही. ती फक्त वडिलांचा चेहरा बघत होती.

सिनेमा संपला.

“अप्पा, कसं वाटलं?”

बालाजीराव चष्मा पुसत राहिले. “खोटं सांगू का पापा?”

“नको.”

“मग ऐक. मला तो सिनेमा वाटलाच नाही. दुपारी तुझी अम्मा सीरियल बघते ना, तसं दिसलं. ती बाई घर सोडून निघते. मला ती नटी दिसली. कोणी तरी ‘चल’ म्हटलं मणून चालतेय.”

“सरी, अप्पा,” रंजनी म्हणाली. ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथलं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

“कोइम्बतूरच्या एका कॉलेजात शिकवायला बोलावलंय, अम्मा. उद्या जाऊन ‘हो’ म्हणून येते. कॅमेरा पुरे आता.”

“एका माणसाच्या बोलण्यावर?”

“बाकीच्यांचं बोलणं मी ऐकून घेतलं असतं.”

सकाळी मीनाक्षीबाई शेवग्याचा पाला निवडत बसल्या आणि त्यांनी तोच सिनेमा पुन्हा लावला. लेकीचं काम एकदा एकटीनं बघावं, असं त्यांना वाटलं असेल. रंजनी बॅग भरून बाहेर आली. पडद्यावर ती सून भाताच्या शेताच्या कडेनं बस गाठायला निघाली होती. तिच्या खांद्याभोवतीची भाताची पाती वितळल्यासारखी थरथरत होती. मित्रांनो, बारीक पाती आली की माझा अंदाज चुकतो.

रंजनी जागीच थांबली.

“अम्मा, हे मी घेतलेलं नाही.”

“म्हणजे? तुझंच नाव आलं की काल.”

“नाव माझं आहे. हे चित्र माझं नाही.” तिनं बॅग खाली ठेवली आणि रिमोट घेतला. सेटिंगच्या एका यादीतून दुसरीत शिरत ती त्या बटणापर्यंत पोचली. तिनं ते बंद केलं आणि तो प्रसंग सुरुवातीपासून लावला.

मी पहिल्यांदाच काही न रचता सिनेमा दाखवला. चित्र आलं, ते पाच वेळा उमटवलं, मग पुढचं. पहाटेचा करडा उजेड, ओला बांध, बाईचं पाऊल. पाऊल उचलताना ते थोडं पुसट होत होतं. कॅमेऱ्यानंच ते तसं टिपलं होतं आणि मी आजवर ते घासून लख्ख करत आलो होतो.

“अग्गे! उजेड बदललास काय?” मीनाक्षीबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली.

“उजेड तोच आहे, अम्मा. मधली खोटी चित्रं गेली.”

मीनाक्षीबाई तडक आतल्या खोलीत नवऱ्याला बोलवायला गेल्या. पण बालाजीराव उठायला तयार नव्हते.

“एकदा पाहिलं ना? आता पुन्हा पाहून मत बदललं तर तिला वाटेल, बापानं दया केली. तसलं मत तिला कशाला?”

रंजनी दारात उभी होती. “मत बदलू नका, अप्पा. फक्त बघा. कालसारखंच वाटलं तर कालचंच सांगा. मी बॅग उचलून जाईन.”

ते वॉकर टेकत आले. या वेळी ती त्यांच्या शेजारी, माझ्याकडे तोंड करून बसली. शेताच्या कडेचा प्रसंग आला. बाई चालत राहिली, कॅमेरा तिच्यासोबत संथपणे वळत गेला. मागे नारळाची रांग सरकली, पण अडखळली नाही. प्रसंग संपल्यावर रंजनीनं थांबवण्यासाठी रिमोट उचलला. बालाजीरावांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

“चालू दे.”

शेवटची नावं संपेपर्यंत तो हात तिथेच होता.

“काल एक नटी चालत होती,” ते म्हणाले. “आज ती बाई गेली, पापा. अशी गेली की मला तिला हाक मारावीशी वाटली.”

रंजनीनं रिमोट खाली ठेवला.

“पण तो इस्पितळातला भाग फार लांबलाय.”

“ते एडिटिंग, अप्पा. ते माझ्याकडे नाही,” ती हसत म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बॅग त्या दिवशी पुन्हा रिकामी झाली. कॉलेजला तिनं फोनवरूनच नकार कळवला. पुढच्या सिनेमाबद्दल बापलेकी जेवताना भांडू लागले. वाद घराबाहेर ऐकू जाईल इतका मोठा असायचा आणि मीनाक्षीबाई तो आनंदानं ऐकायच्या.

हेरंब मात्र त्या आठवड्यात सामना बघायला आला आणि बुचकळ्यात पडला. “काका, चेंडूमागे शेपूट दिसतंय. बिघडला की काय?”

“बिघडला नाही. ते तुझं बटण लाव,” बालाजीराव म्हणाले. “क्रिकेटला चालू, सिनेमाला बंद. या घरात आता असंच.”

पुढे काही वर्षांनी ही रेघ उमटली आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. हॉलमध्ये माझ्याहून मोठा टीव्ही आला. त्याच्या खोक्यावर माझ्या दुप्पट आकडा होता. तो बसवायला आलेला माणूस आकड्याचं कौतुक सांगत होता, तेव्हा बालाजीरावांचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

“ते सरी. पण सिनेमा लावला की तो काय करतो, ते आधी दाखव.”

त्या माणसाला नीट सांगता येईना. मग बालाजीराव स्वतःच रिमोट घेऊन याद्या उघडत बसले.

मित्रांनो, आकडा मोठा असणं वाईट नाही. त्या आकड्यामुळेच मी नारळाची रांग न अडखळता सरकवू शकलो. पण तुमच्या घरी नवा टीव्ही आला की एकदा त्याच्या सेटिंगमध्ये शिरा आणि सिनेमा लागल्यावर तो स्वतःहून काय करतो ते बघा. त्याला ते स्वतःहून थांबवता येत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. कुणी तरी पहाटे शेतात उभं राहून, उजेडाची वाट बघून टिपलेलं चित्र आमच्याकडे येतं. त्यात आम्हाला भर घालायला लावू नका. ते आहे तसं आम्हाला नुसतं धरू द्या.