साहेबाची बॅग

"काका, ही फारच नवी दिसते हो," बॅग उलटसुलट करत श्रुतिका म्हणाली. युद्धाच्या सिनेमासाठी जुनी बॅग निवडायला ती आली होती.

धोंडिरामला हसावं की रडावं कळेना. चारकोपच्या या गाळ्यात सिनेमावाल्यांसाठी नव्या वस्तू जुन्या करण्यात त्याची हयात गेली. आणि आज घरून आणलेली खरीखुरी जुनी बॅग नवी ठरत होती!

"साठ वर्षांची आहे, मॅडम. पासष्टच्या लढाईतली. साहेबलोक नकाशे ठेवायचे हिच्यात."

"साहेब म्हणजे तुमचे वडील?"

"नाय ओ. वडील साहेबांचे ऑर्डर्ली. बॅग साहेबांची, उचलायची वडलांनी. पलटण सोडून जाताना साहेबांनी देऊन टाकली."

दिली तरी बापानं ती कधी खांद्याला लावली नाही. साहेबाची वस्तू! दर रविवारी मात्र पॉलिश करायचा. तो गेल्यावर धोंडिराम करू लागला. वर्दीतल्या बापाचा एकही फोटो घरात नव्हता. निदान त्यानं वाहिलेली बॅग तरी पडद्यावर दिसावी, एवढ्या हट्टापायी बायकोची बोलणी खाऊन त्यानं ती आणली होती.

"मला आवडलीय," श्रुतिका मनापासून म्हणाली. "क्लोजअपला हीच घेऊ. फक्त चमक घालवा. थोडा सँडपेपर, दोन-चार ओरखडे. तुमच्या तर डाव्या हातचा मळ!"

मालक यज्ञेशनं सँडपेपर पुढे केला. "मारा ना काका, पटकन. गाडी थांबलीय खाली."

धोंडिरामनं कागद चामड्यावर टेकवला. बापाचे सगळे रविवार एका घासण्यात जाणार होते. पडदा हवा होता, फार हवा होता. पण हात काही पुढे सरकेना.

"नाय जमणार," तो म्हणाला. "ती मी बनवलेली न्या."

चहाचं पाणी पाजून त्यानंच म्हातारी केलेली बॅग फळीवर होती. श्रुतिकानं ती उचलली. "अय्या, ही तर एकदम खरी वाटते!"

संध्याकाळी त्यानं बॅग सकाळसारखी चादरीत गुंडाळायला घेतली आणि थांबला. आता कंटाळा आला होता या अदबीचा. त्यानं ती सरळ खांद्याला अडकवली. साहेब चांगला उंच असणार. बॅग गुडघ्यावर आपटू लागली.

गाळ्याच्या दारात उभं राहून त्यानं बक्कल सोडलं, पट्टा वर ओढला आणि आजवर कुणीच न वापरलेल्या भोकात अडकवला. मग तो बसस्टॉपकडे चालू लागला.