काम नसताना बसण्याचा हक्क

सरकारने आम्हाला बसायचा हक्क दिला, तेव्हा आम्ही उभ्याच होतो.

पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडाचं तीन मजली दुकान, विकायला आम्ही अठरा बायका. गिऱ्हाइकासमोर तागा उलगडायचा, त्याला रंग पटला नाही की पुन्हा गुंडाळायचा आणि पुढचा उतरवायचा. मध्येच कोणी भिंतीला टेकली, की मॅनेजर लांबून चुटकी वाजवायचा. त्याला आम्ही मोजपट्टी म्हणायचो. तो माणसाकडे बघतानासुद्धा कुठून किती कापता येईल तेच बघायचा.

माझ्या थोरल्या जाऊबाई माझ्याच काउंटरवर होत्या. खरं म्हणजे मीच त्यांच्या काउंटरवर होते; मला तिथे चिकटवलं त्यांनीच. बावीस वर्षं उभं राहून जाऊबाईंच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या होत्या. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागत नसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तासाला दहा मिनिटं बसा, नाहीतर नोकरी सोडा. सोडणार कशी? थोरले दीर तीन वर्षं कंबर धरून घरात होते आणि मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. तेव्हा सगळा संसार त्या दहा मिनिटांवर येऊन ठेपला होता.

आणि नेमका कायदा आला. पंधरा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या दुकानात दर तिघांमागे एक खुर्ची, आणि काम नसताना तीवर बसण्याचा हक्क. जाऊबाईंनी बातमीचं कात्रण पर्समध्ये जपून ठेवलं. मी मात्र ‘काम नसताना’ या दोन शब्दांवरच अडले. कायदा लिहिणारा गृहस्थ आयुष्यात कधी काउंटरमागे उभा राहिला नसावा. दुकानात काम नाही अशी वेळ एकच, शटरला कुलूप लागल्यानंतरची.

सहा खुर्च्या आल्या. पाठीवर चिकटपट्टी, ‘कर्मचाऱ्यांसाठी’. मोजपट्टीने सोबत एक वही ठेवली: बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, परवानगी देणाऱ्याची सही. परवानगी देणारा तोच, आणि सहीच्या वेळी तो नेहमी दुसऱ्या मजल्यावर. तोवर खुर्च्या रिकाम्या कशा ठेवणार? त्यांवर गिऱ्हाइकांचे नवरे बसू लागले. नवऱ्यांना पडद्यात रस नसतो, खुर्चीत असतो. एक काका तर दोन तास घोरले, आणि त्यांच्या डोक्यावरून आम्ही कापडं झेलत होतो.

दोन महिन्यांत जाऊबाई चार वेळा बसल्या. मग ‘अचानक तपासणी’ होणार असल्याचं पत्र आलं, आठवडाभर आधी.

मोजपट्टीच्या अंगात संचारलं. बसायच्या तालमी सुरू झाल्या. घंटा वाजली की सहाजणींनी खुर्च्यांवर जायचं, पाठ ताठ, हात मांडीवर. सहाजणी कोण? तर नोकरीला सगळ्यात जुन्या. “मान ज्येष्ठांचा,” मालक स्वतः खाली येऊन म्हणाले. आम्हाला अगदी भरून आलं. त्या माणसाने बावीस वर्षांत जाऊबाईंना प्रथमच ‘अहो’ म्हटलं होतं.

तपासणीच्या साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवून दिलं होतं: “काम नसलं की आम्ही बसतो. आत्ता काम नाही, म्हणून बसलो आहोत.” कायद्याला हेच लागतं, मोजपट्टी म्हणाला.

जाऊबाईंच्या तोंडी ते काही केल्या बसेना. घरी भाजी चिरता चिरता मी त्यांच्याकडून पाठ करून घेत होते.

“पण काम तर असतंच की गं, धाकटे.”

“तुमचं काय जातंय? घोकून टाका. खुर्ची मिळतेय ना?”

“मिळतेय खरी,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागल्या.

तपासणीच्या दिवशी दुकान फुलून गेलं होतं. घंटा वाजली. हातातले तागे अर्धवट टाकून सहाजणी बसल्या. जाऊबाईंसमोर एक बाई हिरवं अस्तर घेऊन उभी होती, आठ मीटर हवं म्हणत होती. जाऊबाईंचा हात सवयीने कात्रीकडे गेला. मोजपट्टीने डोळे वटारले, हात मागे आला.

साहेब सभ्य होते, थकलेलेही. “सध्या काम नाही का?” त्यांनी विचारलं.

जाऊबाईंनी शाळेतल्या मुलीसारखं एका दमात म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. साहेबांनी तसंच लिहून घेतलं, सहाजणींच्या सह्या घेतल्या. त्यांच्या पाठीमागे ती बाई ओरडत होती, “अहो, कोणी कापड कापून देतं का?” साहेबांनी मान वळवली नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये गिऱ्हाइकाचा रकाना नसावा.

त्या संध्याकाळी जाऊबाईंच्या चपलेचा पट्टा लागला. “पाऊण तास बसले गं! पाऊण तास!” अख्ख्या रस्त्यात त्या हेच सांगत होत्या, आणि मीही खुळ्यासारखी हसत होते.

महिन्याभराने सहा पाकिटं आली. मालकांनी दुसऱ्या एका खात्याकडे कामगार कमी करण्याची परवानगी मागितली होती. अशी परवानगी मिळायला धंद्यात काम उरलं नाही याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणून त्यांनी सरकारचाच अहवाल जोडला होता: विक्रीच्या ऐन वेळेत सहा कर्मचाऱ्यांना काम नव्हतं, असं त्यांनी स्वतः अधिकाऱ्यांसमोर, सहीनिशी सांगितलं. सरकारने सरकारवर विश्वास ठेवला. सगळ्यात जुन्या, म्हणजे सगळ्यात जास्त पगाराच्या सहाजणी घरी. उरलो आम्ही बाराजणी, आणि पंधराच्या खाली कायदा लागूच होत नाही. मोजपट्टीने त्याच दुपारी खुर्च्यांवरच्या पट्ट्या नखाने खरवडून काढल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मूर्खाने फक्त वाक्य दिलं होतं. ते घोटून घोटून त्यांच्या गळी मी उतरवलं होतं.

रजा टाकून मी जाऊबाईंना कामगार कार्यालयात घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग वगैरे काही आला नाही.

“म्हणजे तुम्ही तपासणी अधिकाऱ्यांना खोटं सांगितलंत?”

“शिकवलं होतं, साहेब,” जाऊबाई म्हणाल्या.

“कोणी?”

मी जमिनीकडे पाहिलं. जाऊबाईंनी माझ्याकडे नजरही वळवली नाही. “मॅनेजरने,” त्या म्हणाल्या.

“पुरावा आहे?”

नव्हता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लहान मुलाला गणित समजवावं तसं समजावलं. “हे बघा बाई, दोनच गोष्टी असू शकतात. काम नव्हतं म्हणून बसलात, तर तुम्हाला कमी केलं ते रीतसर झालं. काम असताना बसलात, तर तसा हक्क कायद्यात नाहीच. मालक बेशिस्तीबद्दल काढू शकतात, मग भरपाईसुद्धा विसरा. यातलं कुठलं लिहू?”

जाऊबाईंनी त्या पेनाकडे बोट दाखवलं.

“तिसरं लिहा, साहेब. पाय दुखत होते, म्हणून बसले.”

साहेब थांबले. क्षणभर मला वाटलं, या माणसाला कुठेतरी लागलं. पण ते फक्त खातं आठवत होते. “पायांचं आमच्याकडे येत नाही,” ते म्हणाले. “ते आरोग्य विभागात. चौथा मजला. लिफ्ट बंद आहे.”

जाऊबाईंनी कागद उचलले आणि जिन्याला लागल्या. पहिल्याच वळणावर कठडा धरून थांबल्या. पाय घोट्यापासून टम्म सुजले होते. मला ते बघवेना.

“जाऊबाई, घरी चला. वर कोणी काही करणार नाही.”

“माहितीये मला,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “पण बाईला पाय असतात हे या बिल्डिंगीत कुठल्या खात्याला माहीत आहे, तेवढं विचारून येते.”

आणि त्या पुढची पायरी चढल्या.