जोडीनं बसायचा खेळ

देवाप्पानं पकडीचं टोक गेमच्या डब्याच्या खाचेत घातलं आणि आतला प्लॅस्टिकचा दात कट्कन मोडून काढला. भार्गवीनं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मोडलं की हो, देवाप्पाअण्णा."

"मोडलं नाही अक्का, वाट केली." त्यानं दुसराही दात उपटला आणि फुंकर मारून भुगा उडवला. "डबा अमेरिकेचा, कॅसेट जपानची. एकाची दुसऱ्यात जाऊ नये म्हणून कंपनीनंच हे दात बसवलेत. काढले की सगळं एकच. स्वल्प थांबा."

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रोडवरचं त्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. उघडे रेडिओ, उघडे टीव्ही, आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेला बेळगावकडचा देवाप्पा. भार्गवीची मुलगी प्रणिता फळीवर कोपरं टेकून टाचा उंचावून बघत होती. ती अकरा वर्षांची होती, आणि गेलं वर्षभर या कॅसेटची वाट बघत होती.

हाच गेम तिच्याकडे आधीपासून होता. त्याच्यावरही हेच बेट, हाच डोळ्याला पट्टी बांधलेला खलाशी. पण खजिना शोधायचा खेळ तेवढा तिच्या कॅसेटमध्ये नव्हता. तो फक्त जपानात विकलेल्या कॅसेटींत होता, बाकीच्या देशांसाठी काढून टाकला होता. हे तिला बाबांनी ओसाकाहून फोनवर सांगितलं होतं, आणि पाठवतो म्हणाले होते.

"का काढून टाकला पण?" तिनं देवाप्पाला विचारलं.

"आपला हापूस नाही का बाहेर जातो, आणि आपण रायवळ चोखत बसतो? तसं त्यांनी हापूस घरात ठेवला." त्यानं कॅसेट दाबून बसवली. दुकानातल्या टीव्हीवर निळं पाणी आलं, बेट आलं. प्रणितानं आनंदानं फळीवर थाप मारली. मग पडदा लुकलुकला आणि मधोमध एक लाल फुली येऊन थांबली.

"बिघडलं?" भार्गवीनं विचारलं.

"नाही, दुसरी जॉयस्टिक मागतंय." देवाप्पानं खणातून एक जुनी काढून जोडली. फुली गेली. "ह्याला दोघं लागतात अक्का. एकानं पुरायचं, दुसऱ्यानं शोधायचं. एकट्यानं सुरूच होत नाही हे."

"मग एकट्या माणसानं काय करायचं?"

"एकट्या माणसानं दुसरा गेम खेळायचा!" देवाप्पा हसला.

पडद्यावर आता दोन खलाशी शेजारी शेजारी उभे होते. एकाखाली इंग्रजीत नाव होतं, शरू. दुसऱ्याखाली तीन जपानी अक्षरं. आणि खाली आकडा, तीनशे बारा.

"हे कुणाचं?"

"कॅसेटच्या पोटात सेल असतो. आधी खेळलेलं सगळं धरून ठेवते ती. इतके खजिने काढलेत म्हणतंय. ज्यांची होती, त्यांनी जोरात खेळलंय बघा."

भार्गवी त्या तीन अक्षरांकडे बघत राहिली. घरी तिच्या नवऱ्याला, शरच्चंद्रांना, शरू म्हणणारी दोनच माणसं होती, सासूबाई आणि, कुणी आसपास नसताना, ती स्वतः. ऑफिसात तर त्यांना कुलकर्णी म्हणत.

"माझं नाव!" प्रणिता ओरडली. "पहिलं बाबांचं, म्हणजे दुसरं माझं. प्र, णि, ता. तीनच अक्षरं आहेत बघ! बाबांनी माझ्या नावानं खेळून ठेवलंय."

देवाप्पानं एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि डबा पुसायला घेतला.

"सरी, बरंय," तो म्हणाला. "जॉयस्टिकचे वेगळे घेत नाही, घेऊन जावा."

परतताना संपिगे रस्त्यावर फूलवाल्या यल्लव्वाच्या टोपलीशी भार्गवी नेहमीसारखी थांबली. सोमवारचा बेल ती शनिवारीच सांगून ठेवत असे. यल्लव्वानं दोनदा विचारलं, एकशे आठ पानं की एकवीस, तेव्हा तिला ऐकू आलं.

शरच्चंद्र सहा महिन्यांच्या कामावर म्हणून गेले, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. ते गेले त्या श्रावणात तिनं सोळा सोमवार धरले. दिवसभर उपास, संध्याकाळी काडु मल्लेश्वराचं दर्शन, कणकेचा चुरमा, त्याचे तीन भाग, त्यातला एकच आपल्याला. सोळा झाले. उद्यापनाला नवराबायकोनं जोडीनं बसायचं असतं, आणि कंपनीनं मुदत वाढवली. तेव्हा सासूबाई, अनुसूयाबाई, म्हणाल्या होत्या, बाहेरगावच्या माणसाच्या जागी पाटावर सुपारी मांडतात आपल्याकडे, तू करून मोकळी हो. ती म्हणाली होती, "येणाऱ्या माणसाच्या जागी सुपारी नाही मांडायची मला." म्हणून तिनं सोमवार पुढे चालू ठेवले होते. मुदत आणखी दोनदा वाढली. गेल्या सोमवारी पंच्याऐंशी झाले.

दर रविवारी अकराला फोन येई. "तुमचं काय बाबा, घरात तिघी आहात," ते म्हणत. "मी इथं एकटा. रविवारी करणार काय, गेम खेळत बसतो टीव्हीसमोर." फोन ठेवल्यावर ती जेवायला बसे ती अर्ध्या पोळीवरच उठे.

कॅसेट घेऊन हयवदन आला होता. त्यांच्याच कंपनीतला, धारवाडचा. त्यानं दारातच पुडकं दिलं.

"त्यांच्या टीव्हीवरचीच काढून दिली, वैनी. प्रणिताचा वाढदिवस होऊन जाईल म्हणाले. त्यांना आता लागत नाही, नवी आणलीय."

"रविवारी तुम्ही जात असाल ना त्यांच्याकडे? तेवढीच सोबत."

"मी? नाही. मी लांब राहतो तिथनं." चहा ठेवते म्हणेस्तोवर तो पायऱ्या उतरून गेला होता. त्या वेळी तिला वाटलं होतं, पोराला घरची ओढ असेल.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला, कुकर लावला. सगळं जिथल्या तिथे होतं. आपल्याला काही तरी व्हायला हवं, रडू यायला हवं, असं तिला वाटलं आणि ती कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी राहिली. तीन झाल्या. तिनं गॅस बंद केला.

"आई, ये ना. एकटीला येत नाही खेळता."

नवीन नावं लिहायला आधीची पुसावी लागत होती. कॅसेटमध्ये एकच जोडी राहत होती. प्रणिता ऐकेना.

"बाबांचं नाव कशाला पुसायचं? तू बाबा हो. मी मी होते."

भार्गवीनं जॉयस्टिक हातात घेतली. तिनं बटण दाबलं तसा शरू नावाचा खलाशी बेटावर चालू लागला. तिनं तो पाण्यापर्यंत नेला. पुढे तो जाईना, काठावरच पाय हलवत राहिला.

"तिकडे नाही गं! आता माझी पुरायची पाळी. तू डोळे मिट."

"म्हणजे?"

"टीव्ही एकच आहे ना? मग दुसऱ्यानं बघायचं नाही. तसाच नियम आहे. बघ, चित्र पण दाखवलंय." पडद्याच्या कोपऱ्यात तळव्यांनी डोळे झाकलेली एक बाहुली होती.

भार्गवीनं डोळे मिटले. मुलीच्या बोटांची टकटक ऐकू येत होती. तिच्या मनात आलं, एक खोली असेल. खाली चटई असेल. दोन माणसं शेजारी शेजारी बसलेली असतील, आणि एक जण विश्वासानं डोळे मिटून घेत असेल. तीनशे बारा वेळा. वर्षाचे रविवार तर बावन्नच.

"उघड! मिटूनच काय बसलीस?"

थोड्या वेळानं अनुसूयाबाईही येऊन पाहून गेल्या. "हे काय, शरूचं नाव दिसतंय," त्या चष्मा वर करून म्हणाल्या. "आणि हे शेजारी काय लिहिलंय?"

"मी!" प्रणिता म्हणाली.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. भार्गवी वाती वळत होती. तिनं मान वर केली नाही. सासूबाईंनी चष्मा खाली घेतला आणि त्या आत गेल्या.

रविवारी अकराला फोन आला.

"मिळाली ना कॅसेट? चालतेय?"

"चालतेय. देवाप्पानं दात काढून दिले डब्याचे."

"आणि खजिना? लागला?"

"लागला. आम्ही दोघी खेळतो." तिनं फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "त्याला दोघं लागतात ना."

समुद्रापलीकडून नुसती खरखर येत होती. फोन कटला असेल म्हणून तिनं रिसीव्हर कानावर दाबला. कटला नव्हता. श्वास ऐकू येत होता.

"हो," ते म्हणाले. "दोघं लागतात."

"जेवलात?"

"भार्गवी..."

"जेवून घ्या. तिकडे अडीच वाजले असतील." आणि तिनं हाक मारली, "प्रणिता, ये, बाबांचा फोन."

मुलगी धावत आली. "बाबा! तुम्ही माझे तीनशे बारा केलेत ना? मी काल अकरा केले. आता तीनशे तेवीस!" ती पलीकडचं ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा? बोला ना."

दुपारी जेवणं झाल्यावर भार्गवीनं ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि सासूबाईंच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. त्या जपमाळ हातात घेऊन पडल्या होत्या.

"आई, गुंडोभटांना निरोप पाठवते. उद्या उद्यापन करून टाकू."

"उद्या?" त्या उठून बसल्या. "शरू आल्यावर म्हणत होतीस."

"सुपारी मांडतात ना आपल्याकडे."

माळेचा एक मणी अनुसूयाबाईंच्या बोटांत तसाच राहिला. मग त्यांनी माळ पिशवीत घातली, भिंतीला धरून उठल्या, आणि कपाटातला पितळी डबा काढून त्यातल्या सुपाऱ्या पदरात ओतल्या. एकेक उजेडात धरून, फिरवून त्या बघू लागल्या.

"ही घे," शेवटी त्या म्हणाल्या. "अख्खी आहे. किडलेली नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त पदर सावरायचा राहिला, आणि बाकीच्या सुपाऱ्या जमिनीवर पसरल्या. भार्गवीनं खाली बसून त्या वेचल्या.

सोमवारी सकाळी गुंडोभट आले. समया लागल्या, बेलाची एकशे आठ पानं धुऊन ताटात आली. प्रणितानं शाळेला दांडी मारली होती आणि दारात बसून ती चुरम्याच्या वासावर वेळ काढत होती. भार्गवीनं नऊवारी नेसून देवासमोर दोन पाट मांडले. दोन्हींपुढे रांगोळीची रेघ ओढली. उजवीकडच्या पाटावर ती बसली.

"यजमान?" गुंडोभटांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच त्यांना तिच्या हातातली सुपारी दिसली.

डावीकडच्या पाटावर तिनं ती ठेवली. पाटाला थोडा उतार असावा, ती घरंगळत कडेला गेली. भार्गवीनं ती उचलून पुन्हा मधोमध ठेवली. पुन्हा घरंगळली. तेव्हा तिनं ताम्हनातल्या चिमूटभर अक्षता खाली सरकवल्या. सुपारी जागच्या जागी बसली.

"करा सुरू," ती म्हणाली.