पुलाच्या रंगाऱ्याची वही

मी एक वही आहे. साधी, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. अलीकडे मला ‘मुद्देमाल’ म्हणतात. या कपाटात बोलायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतेय.

माझा मालक रंगारी. रेल्वेच्या पुलाला रंग द्यायचा. पूल एवढा लांब, की शेवटच्या खांबाला रंग लागेपर्यंत पहिला गंजायला लागायचा. मी दोरीने त्याच्या गळ्यात असायची. कुठली गाडी कधी आली, डबे किती, पूल किती वेळ हादरला, सगळं तो लिहायचा. गाडी यायच्या आधी माणसांनी बाजूला सरकायला हवं ना. छापील वेळापत्रकावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. “ते छापणारा कधी पुलावर चढलाय का?” म्हणायचा. अक्षर मात्र कोंबडीचे पाय. मलाच लाज वाटायची.

मग युद्ध सुरू झालं. वेळापत्रकात नसलेल्या, ताडपत्रीने झाकलेल्या गाड्या जायला लागल्या. त्याने त्याही लिहिल्या. खाली पडणारा माणूस गाडी कोणाची होती हे थोडंच विचारतो?

महिन्याभरात कायदा बदलला. गाड्यांची नोंद बाळगणं आधीही गुन्हाच होता, पण शिक्षा तीन महिने, नाहीतर नुसता दंड. आता कमीत कमी बारा वर्षं. त्याच्या बायकोने ते पेपरात वाचलं आणि मला उचलून शेगडीपाशी नेलं.

“जाळून टाकते. मला नवरा हवाय, वही नको.”

“अगं, कर नाही त्याला डर कशाला? चौकीवर जाऊन विचारून येतो, ठेवू का नको ते.”

विचारून येतो म्हणे. हात दाखवून अवलक्षण! शेगडी पेटलेली होती आणि मी जळायला तयार होते, हे शपथेवर सांगते. चौकीतल्या फौजदाराने मला चाळलं, त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि परत जाऊ दिलं नाही.

खटला दोन दिवसांत आटोपला. पोलिसांनी खुणा केलेली पानं न्यायाधीशबाईंनी वाचली आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

“तुम्ही हेर नाही, हे मला दिसतंय,” त्या म्हणाल्या. “जुना कायदा असता तर ताकीद देऊन घरी पाठवलं असतं. आता बाराच्या खाली यायची मला मुभा नाही.”

“पण बाई, मी आपण होऊन विचारायला गेलो होतो.”

“म्हणून बारा. नाहीतर वीस झाली असती.”

त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. बायको तिचा हात धरून कोर्टात बसली होती, निकाल लागला तरी उठेचना. मला फार वाईट वाटलं. साक्ष माझीच होती.

पुलावर आता कोणी वही ठेवत नाही, असं साक्षीला आलेले त्याचे सोबती सांगत होते. रुळाला कान लावून गाडी ओळखतात. तुरुंगातून पत्रात पुलाबद्दल एक अक्षरही लिहायची त्याला निकालातच मनाई आहे.

माझं एवढंच मागणं आहे. माझं नववं पान कोणीतरी पुलावर न्या. त्यात एकही गाडी नाही, म्हणून त्याला कोणी खूण केली नाही. त्यावर त्याने लिहिलंय: ‘जोडीदाराला ऐकू येत नाही. नोकरी जाईल म्हणून कोणाला सांगत नाही. गाडी आली की मीच त्याला हात लावून बाजूला घ्यायचं.’