वडाच्या मुळावरचं शेवाळ

बागेतला वड जुलैच्या आँधीत उन्मळून पडला, तेव्हा मी रडले आणि यांना माशांच्या टाकीसाठी लाकूड मिळालं. जेमतेम महिन्यापूर्वी मी त्याच वडाला सूत गुंडाळून सात जन्मांची सोय करून आले होते. हे मात्र फांद्या तोडायला आलेल्या माळ्यांकडून मुळाचा हातभर तुकडा मागून घेऊन आले, आणि वर मलाच म्हणाले, "लीना, याचं वळण बघ. पाण्यात काय शोभेल!"

हे म्हणजे विश्वनाथ, माझे यजमान. आयुष्यभर इथे चंदीगडला युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर बैठकीत माशांची टाकी मांडली. मी मूळची साताऱ्याची, रागाला कमी नाही. ते मूळ त्यांनी माझ्या मोठ्या पातेल्यात उकळलं, त्यावरून आमचा चांगला अबोला झाला. मग ते बादलीत भिजत पडलं. पाणी चहासारखं व्हायचं, हे ओतून द्यायचे, की पुन्हा चहा. अखेर पाणी स्वच्छ राहायला लागलं, तेव्हा झिरकपूरच्या एका दुकानातून त्यांनी हिरवंगार शेवाळ आणलं.

"शेवाळ नव्हे गं, मॉस," ते म्हणाले. "लाकडावर पातळ पसरायचं आणि दोऱ्याने बांधायचं. सुती दोरा हं, दुसरा नको. सुती दोरा हळूहळू कुजतो, तोवर हे लाकूड धरतं. एकदा धरलं की दोऱ्याचं काम संपलं."

एवढं सांगून ते आंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले.

बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलात ते नळ्यांमध्ये पडून राहिले. आमची मुलगी अवनी गुडगावहून धावत आली. डॉक्टर भला माणूस होता. हळू आवाजात म्हणाला, किसी को बुलाना हो तो बुला लीजिए. अवनीने मला बळंच घरी पाठवलं. "नहा के आओ, मम्मी, प्लीज." तिला मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की हिंदीच.

घरी आले तर ओट्यावर वाटीत ते शेवाळ आणि खाली बादलीत मूळ. मला राग आला. जन्मभर हा माणूस अर्धी कामं टाकून उठला, आणि आताही तेच करून चालला होता. म्हटलं, हे तरी पुरं करते. शिवणाच्या डब्यातली सगळी रिळं पॉलिस्टरची निघाली. घरात सुती म्हणावं असं एकच होतं, देवघरात ठेवलेलं वटपौर्णिमेचं उरलेलं सूत. त्यात काय एवढं, म्हणून मी तेच घेतलं.

पण हाताला सवय असते. वडाचं मूळ, हातात सूत, आणि तोंडातून आपोआप तेच आलं, जन्मोजन्मी हाच नवरा मिळू दे. देवापुढे म्हणतात तसं नाही म्हटलं मी, दात आवळून म्हटलं. प्रत्येक वेढ्याला दोरा घट्ट ओढला आणि वर म्हटलं, जाऊनच दाखवा. सात वेढे झाल्यावर गाठ मारली आणि मूळ टाकीत सोडलं. हात पुसते न पुसते तोच फोन वाजला.

"मम्मी! पापा ने आँखें खोल दीं!"

हे घरी आले, तेव्हा मी आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. देव तारी त्याला कोण मारी, असं मी येईल त्याला ऐकवत होते. काही बारीकसारीक गोष्टी होत्या, त्यांच्याकडे मी काणाडोळा केला. भूक गेली होती, तहान मात्र सारखी. हात गार, आणि बोटांची कातडी सुरकुतलेली, खूप वेळ धुणं धुतल्यावर होते तशी. नखं वाढत नव्हती. दिवसभर टाकीसमोरच्या खुर्चीत बसून राहायचे. लाइट गेली आणि टाकीचा पंप थांबला की यांना धाप लागायची, पंप सुरू झाला की श्वास पुन्हा संथ. मी कुणाला काही न बोलता इन्व्हर्टर बसवून घेतला.

दिवाळीपर्यंत शेवाळाने मूळ झाकून टाकलं. त्यातून सुताचे वेढे मात्र बांधल्या दिवशीइतकेच पांढरे दिसत होते.

"हे कुजायला हवं होतं," एका दुपारी काचेला नाक लावून ते म्हणाले. "कुठला दोरा घेतलास?"

मी सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसते हसले, आणि ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

थंडी पडली. त्यांना आंघोळ घालायला मी स्वेटर काढला, तर छातीपोटावर वळ होते. परकराची नाडी आवळून बांधल्यावर उठतो तसे, एकाखाली एक. किती आहेत ते मोजायची मला गरज नव्हती. मी अंगावर कढत पाणी ओतलं, तर हे थरथरायला लागले. "गार घाल गं," म्हणाले. "हे सोसत नाही."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, लोहडीला, अवनी आली. बाहेर धुकं इतकं की समोरचं फाटक दिसेना. लहानपणी करायची तसं तिने बापाच्या छातीवर डोकं ठेवलं, आणि दचकून उठली. मला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"मम्मी, पापा के अंदर से आवाज़ आ रही है. बुलबुलों की. टंकी जैसी."

"गॅस झाला असेल."

"मम्मी, धड़कन नहीं है!"

तिने गाडीची किल्ली उचलली, हॉस्पिटल चलो म्हणून. हे दारात येऊन उभे राहिले होते. "नको बेटा," ते म्हणाले. "काय करायचं ते तुझी आई करेल." अवनीने माझ्याकडे पाहिलं. पोटच्या पोरीने आईकडे तसं कधी पाहू नये. दुसऱ्या दिवशी ती परत गेली, आणि जाताना बापाच्या जवळ गेली नाही.

ती गेल्यावर ते म्हणाले, "लीना, सोड आता."

"काय सोडू?"

"उगाच वेड पांघरू नकोस. मी त्या दिवशी गेलो होतो. तू ओढून धरलंस. मला झोप नाही गं. डोळे मिटले की नुसतं हिरवं, आणि सगळीकडे ओल. तो दोरा काप."

"सात जन्मांचं मागितलंय मी. पहिल्यातच सोडू होय?" मी भांडले, ताटं आपटली. मग रडले. "मला भीती वाटते हो. पोर तिकडे, माहेर हजार कोस लांब. या गावात तुमच्याशिवाय माझं आहे कोण?"

त्यांनी गार हात माझ्या हातावर ठेवला. "आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. एवढं कर." खरंच मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि पलंगावर जाऊन आडवे झाले. "जातो," म्हणाले. घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, यावरून मी जन्मभर यांच्याशी दारात उभं राहून भांडले होते. त्या दिवशी नुसती त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली.

बैठकीत आले, बाही वर केली आणि कात्री घेऊन टाकीत हात घातला. पाणी बर्फासारखं होतं. एकेक वेढा कापला. सूत सुटून वर आलं, तसंच पांढरं. ते मुठीत धरून मी कानोसा घेतला.

आतून श्वास ऐकू येत होता. संथ, पंपाच्या तालात.

शेवाळ जागचं हललं नव्हतं. वाकून बघितलं, तर त्याचे केसासारखे तंतू मुळाच्या भेगाभेगांत शिरले होते. एकदा धरलं की दोऱ्याचं काम संपलं. त्यांनीच सांगितलेलं, आणि माझ्या ते आत्ता डोक्यात शिरलं.

"लीना? कापलास दोरा?"

"कापला."

"मग?"

मी चिमटीत शेवाळ धरून ओढलं. आतून यांचं असं कण्हणं आलं की माझा हात जागीच थांबला. चिमटीत थोडंसं शेवाळ आलं होतं, खाली लाकडाची साल चिकटलेली.

"ओढ," ते आतून म्हणाले. रडत होते. "थांबू नकोस. सुरी घे आणि सगळं खरवडून काढ. माझ्याकडे लक्ष देऊ नकोस. लीना, तुला हात जोडतो."

सुरी ओट्यावर होती. हातभर लाकूड ते, खरवडायला कितीसा वेळ लागणार? पण खोटं कशाला बोलू? दोरा निघूनही ते गेले नाहीत, याचा मला आनंद झाला होता.

निघालेलं शेवाळ मी परत मुळावर ठेवलं आणि अंगठ्याने नीट दाबून बसवलं. हात पदराला पुसला.

"उठा आता," मी म्हटलं. "चहा टाकते."