नावाची जागा

"नाव सांगा, दादा."

"माझं?"

"बाळाचं."

गोकुळ गाडेकर काउंटरच्या काचेला हात टेकून उभा होता. पहाटे तो बायकोला, रूपालीला, घेऊन फुलंब्रीहून आला होता. सकाळी मुलगी झाली आणि दुपारी गेली.

"नाव कुठं ठेवलं ओ अजून," तो म्हणाला. "बारसंच नाय झालं."

ताहेरा चिकलठाण्याच्या या दवाखान्यात नोंदणीला बसायला लागली तेव्हा जाड रजिस्टर होतं. अशा वेळी ती नावाच्या जागी एक रेघ ओढायची आणि मान वर न करता पुढचं लिहायची. आता कॉम्प्युटर होता. तिने रेघ टाकली. खाली लाल अक्षरं उमटली : नाव आवश्यक आहे. 'बाळ' लिहून पाहिलं, 'बेबी' लिहून पाहिलं. अक्षरं हटेनात. नोंद झाल्याशिवाय कागद निघत नव्हता, आणि कागदाशिवाय बाळ ताब्यात मिळत नव्हतं.

तिने सॉफ्टवेअर बघणाऱ्या कृष्णाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून अडचण सांगितली.

"मॅडम, लोक नाव न लिहिताच फॉर्म पुढं ढकलायचे, म्हणून तशी अट टाकलीय. काढतो, पण थोडा वेळ लागंल. तोवर टाका ना काहीही."

गोकुळने ते ऐकलं.

"काहीही कसं टाकायचं?" तो हळूच म्हणाला. "थांबा. तिला इचारून येतो."

तो जिना चढून वॉर्डात गेला. ताहेराने मागच्या माणसांना शेजारच्या खिडकीवर पाठवलं आणि त्याचा फॉर्म तसाच उघडा ठेवला.

बऱ्याच वेळाने तो खाली आला.

"सोनिया लिहा. तिनं कधीचंच ठरवलं व्हतं. मला बारशालाच सांगणार व्हती."

ताहेराने लिहिलं. लाल अक्षरं गेली. तेवढ्यात कृष्णाचा फोन आला.

"झालं, मॅडम. आता ती जागा रिकामी ठेवली तरी चालतंय."

"राहू दे," ती म्हणाली. "नाव आहे तिला."

कागद छापून आला. गोकुळने तो डोळ्यांसमोर धरला आणि परत काचेखालून आत सरकवला.

"मला वाचवंना. तुम्हीच वाचा."

"सोनिया गोकुळ गाडेकर."

"अजून एकदा म्हणा."

ताहेरा खुर्चीवरून उठली. उभी राहून तिने ते नाव पुन्हा वाचलं, सावकाश.